संरक्षण की सौरऊर्जा? बारावीच्या वर्गात पेटलेल्या एका वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात ५२ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी यंत्रमाग, विड्या किंवा शिलाईकाम चालतं. उरलेली मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांतून सकाळच्या एसटीनं येतात. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड. भांडण मात्र सगळे मराठीत करतात.

सार्वजनिक वित्तव्यवहाराचं प्रकरण आलं की मी दरवर्षी अभिरूप अर्थसंकल्प घेते. मुलांनी मंत्री व्हायचं, पैसे वाटायचे, वाटपाचं कारण सांगायचं. एरवी विषय शिक्षण आणि आरोग्य असा सरळ असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मी तो बदलला. एप्रिलमध्ये पहलगाम झालं होतं, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर. मुलांच्या मोबाइलवर तेच. दुसरीकडे गावागावांत सौर पंपाचे अर्ज आणि सौर प्रकल्पाच्या जागेच्या मोजण्या सुरू होत्या. दोन्ही विषय मुलांच्या घरापर्यंत पोचलेले होते, म्हणून मी फळ्यावर लिहिलं: ‘देशाचा पैसा आधी संरक्षणाला की स्वच्छ ऊर्जेला?’ खिडकीकडच्या रांगा संरक्षणाच्या, दाराकडच्या ऊर्जेच्या.

पुढे जे झालं त्याची सुरुवात या एका ओळीत होती, आणि ती ओळ माझी होती.

अडचण

वर्गातली दोन मुलं या प्रकरणाच्या मध्यभागी आहेत. नावं बदलली आहेत.

राधिका मोहोळ तालुक्यातली. घरी तीन एकर ऊस आणि थोडी ज्वारी. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की तिचे वडील साडेअकराला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातात. मागच्या पावसाळ्यात डीपीजवळ त्यांच्या पायाशी घोणस निघाली होती. राधिकानं घरातलं कॅलेंडर वर्गात आणलं होतं. रात्रीच्या आठवड्यांवर लाल पेनानं रेघा, आणि जिथं लाईट येऊन पुन्हा गेली तिथं फुली. जुलैच्या पानावर सात फुल्या होत्या. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं: “संरक्षणाला इतकं देता, त्यातलं थोडं इकडं वळवलं तर आमच्याकडं दिवसा लाईट येईल.”

अनिकेत एनसीसीचा. त्याचा थोरला भाऊ लष्करात, तेव्हा लडाखमध्ये. तो उठला आणि म्हणाला, “बॉर्डरवरच्या माणसाच्या पोटावर पाय देऊन हिला पंप चालवायचाय. देशद्रोही!”

खिडकीकडच्या रांगांनी बाकं वाजवली. राधिका कॅलेंडर गुंडाळून खाली बसली. पुढचे दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “मॅडम, माझा चुलता मिलिटरीत होता. पोरीला असं कसं म्हणले?”

त्याच संध्याकाळी अनिकेतची आई भेटायला आली. सकाळी माग, दुपारी विड्या करणारी बाई. मे महिन्यातले ते चार दिवस थोरल्याचा फोन लागत नव्हता, आणि त्या दिवसांपासून धाकटा असा चिडका झालाय, एवढं सांगून ती गेली. तिनं मुलाची बाजू घेतली नाही, पण तिच्या बोलण्यानं मला त्याचा राग कुठून आला ते कळलं.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांचं मत होतं की उपक्रम इथंच थांबवावा. त्यांची काळजी खरी होती. वर्गातला एक व्हिडिओ बाहेर गेला असता तर दोन्ही मुलांचं वर्ष त्यात गेलं असतं. पण थांबवलं तर ‘देशद्रोही’ हा शब्द शेवटचा म्हणून वर्गात राहणार होता.

एका सहकाऱ्यानं वक्तृत्व स्पर्धा सुचवली: नियम, घंटा, परीक्षक. वाद शिस्तीत झाला असता, तरी दोन बाजू तशाच राहिल्या असत्या, उलट बक्षीस लागल्यावर अजून घट्ट झाल्या असत्या. तज्ज्ञाचं व्याख्यान हाही एक पर्याय होता. मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात, आपापलं मत घेऊन घरी जातात.

चौथा पर्याय मेहनतीचा होता. फळ्यावरचा प्रश्न पुसायचा, रांगा मोडायच्या आणि मुलांच्या हातात प्रत्यक्ष अर्थसंकल्पाचे आकडे द्यायचे. मी प्राचार्यांकडे सहा तासिका मागितल्या, त्यांनी चार दिल्या आणि अट घातली की तासाला मोबाइल टेबलावर जमा. ती अट योग्य होती.

काय केलं

पहिल्या तासाला आधी मी माफी मागितली. प्रश्न चुकीचा मांडला गेला आणि तो मी मांडला, असं स्पष्ट सांगितलं. अनिकेतला सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची का, यावर रात्रभर विचार केला होता. लावली नाही. सतरा वर्षांच्या मुलाला पन्नास जोडी डोळ्यांसमोर वाकवलं तर तो तोंडानं माफी मागतो, पण मनानं लांब जातो. त्याला वेगळं बोलावून इतकंच म्हटलं की तो शब्द या वर्गात पुन्हा येणार नाही.

मग पाच गट केले. राधिका आणि अनिकेत वेगळ्या गटांत, पण प्रत्येक गटात दोन्ही रांगांतली मुलं. प्रत्येकाला २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचे निवडक तक्ते दिले.

पहिलाच आकडा मुलांना हलवून गेला. संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये, नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला २६,५४९ कोटी. पंचवीस पटींहून जास्त. दाराकडची मुलं लगेच म्हणाली, बघा, आम्ही काय सांगत होतो! मी त्यांना पुढची पानं उलटायला लावली.

संरक्षणाच्या रकमेतले १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. पगार, रेशन, इंधन, देखभाल अशा रोजच्या खर्चाचा वाटा त्याहून मोठा. नवी विमानं, जहाजं, तोफा ज्यातून येतात तो सैन्यदलांचा भांडवली खर्च १,८०,००० कोटी. एका गटानं हिशोब मांडला: संरक्षणातला एक टक्का काढला तर ६,८१२ कोटी मिळतात. शेतीच्या सौर पंपांसाठीच्या पीएम-कुसुम योजनेची त्या वर्षाची तरतूद २,६०० कोटी, म्हणजे ती साडेतीन पटींच्या वर जाईल. वर्ग खूश. अनिकेत पहिल्यांदा शांतपणे बोलला: “पण मॅडम, पेन्शन कापता येत नाही. पगार कापता येत नाही. मग हा एक टक्का नव्या सामानातूनच जाणार.” त्यानं फळ्यावर भागाकार केला. ६,८१२ भागिले १,८०,०००. जवळजवळ पावणेचार टक्के. कागदावर एक टक्का दिसणारी कपात नव्या साधनसामग्रीवर पावणेचार टक्क्यांची होऊन पडते. मला हे सुचलं नव्हतं. त्याला सुचलं, कारण त्याच्या आजोबांच्या पेन्शनवर त्यांचं घर चालायचं.

दुसऱ्या तासाला आकड्यांचाच घोळ झाला. एका गटाकडे संरक्षणाचा वाटा १३ टक्क्यांच्या वर, दुसऱ्याकडे रुपयातले ८ पैसे. दोन्ही सरकारी कागदांतूनच आलेले. मुलं एकमेकांना खोटं पाडायला लागली. पुढे रेटावं की थांबावं? वेळ कमी होता, तरी थांबले, आणि अख्खा तास त्यात गेला. केंद्राच्या एकूण खर्चाशी तुलना केली की १३.४५ टक्के येतात. ‘रुपया असा जातो’ या चित्रात मात्र राज्यांना मिळणारा कराचा वाटाही धरलेला असतो आणि पेन्शन वेगळ्या फोडीत दाखवलेली असते, म्हणून संरक्षण ८ पैशांवर येतं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त कशाला भागलं ते वेगळं. त्याच चित्रात व्याजाचे २० पैसे दिसले. मागच्या बाकावरची एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, “म्हणजे भांडायचंच असंल तर व्याजाशी भांडायला पाहिजे.” व्याजाचा खर्च १२,७६,३३८ कोटी, संरक्षणाच्या जवळपास दुप्पट. तो तास वाया गेला असं मला वाटत नाही.

तिसऱ्या तासाला प्रश्न असा: सौरऊर्जेत एवढी वाढ होतेय, तर पैसा येतो कुठून? २०२४-२५ मध्ये देशात सुमारे २३.८ गिगावॅट, म्हणजे २३,८०० मेगावॅट सौर क्षमता वाढली. एका मेगावॅटला अंदाजे चार कोटी धरले तरी ९५ हजार कोटी होतात, आणि त्या वर्षी मंत्रालयाची मूळ तरतूद १९,१०० कोटी होती. उरलेला पैसा खासगी कंपन्या, सरकारी कंपन्या, बँका आणि कर्जरोखे यांच्यातून येतो. वीज विकली जाईल, तिचे पैसे वेळेवर मिळतील, जमीन मिळेल, तारा पोचतील या भरवशावर तो येतो. सरकारी तिजोरी अनुदान देते. जुळे सोलापुरातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी छतावर तीन किलोवॅटचं पॅनेल बसलं, तेव्हा पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये आले. पण मोठं ओझं दुसरेच खांदे उचलतात. म्हणजे ही दोन खाती एका ताजव्याची दोन पारडी नाहीतच.

राधिकेच्या गावात नेमकं काय अडलंय हे शोधायचं काम तिच्या गटानं घेतलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, गावाजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वीजवाहिनीला (फीडरला) दिवसा वीज द्यायची आहे. कंपनी पैसा घालते, महावितरण वीज विकत घेते. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. तिच्या गावासाठी गायरानाची जागा ठरली होती. मेंढपाळांनी हरकत घेतली, कारण पावसाळ्यात मेंढरं चरायला तेवढीच जागा उरली होती. ग्रामसभेचा ठराव लटकला.

राधिका हे सांगत असताना वर्ग गप्प होता. तिच्या वडिलांची रात्रीची पाळी संरक्षणाच्या पैशामुळे चालू नव्हती. ती गावातल्या एका माळरानावर अडली होती, आणि तिथंही अडवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

सुभेदारसाहेब

चौथ्या तासाला कुणाला बोलवावं का, हा अवघड निर्णय होता. निवृत्त सैनिक वर्गात आला की मुलं भारावतात आणि प्रश्न विचारणं बंद होतं, ही भीती. तरीही विजापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं. त्यांना आधीच विनंती केली होती: भाषण नको, फक्त मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्या.

राधिकानं विचारलं, “साहेब, वर लाईट असते का?”

ते हसले नाहीत. त्यांनी बुखारीबद्दल सांगितलं. रॉकेलची शेगडी, बंद खोली, बाहेर उणे पंचवीस. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. उन्हाळ्यात रस्ते उघडे असताना दारूगोळ्याबरोबर रॉकेल आणि डिझेल वर चढवायचं, ते हिवाळाभर पुरवायचं. डिझेलचा प्रत्येक पिंप कुणीतरी जीव मुठीत धरून घाटातून नेलेला असतो. अनिकेत म्हणाला, माझा भाऊपण हेच सांगतो.

मग मी वर्गाला सांगितलं की लडाखमध्ये चुशूलला एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी लष्करासाठी सौर आणि हायड्रोजनवर चालणारा मायक्रोग्रिड, म्हणजे तिथल्यापुरती छोटी वीजव्यवस्था, उभारतेय, जनरेटरच्या डिझेलला पर्याय म्हणून. चुशूल म्हटल्यावर सुभेदारसाहेब खुर्चीत सरळ बसले. चीनशी रेझांग लाची लढाई तिथंच झाली, १८ नोव्हेंबर १९६२ ला. पुढची पाच मिनिटं त्यांनी त्या लढाईबद्दल सांगितलं, आणि मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

ही तीच एनटीपीसी, जिचं १,३२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आमच्या दक्षिण सोलापुरात आहे. दुरून रेल्वेनं कोळसा येतो, उजनीचं पाणी येतं. मुलं एसटीच्या खिडकीतून त्याच्या चिमण्या बघत येतात. एकच कंपनी इथं कोळसा जाळते आणि तिथं सैनिकाचं डिझेल वाचवायला जाते, हे कळल्यावर मुलांची ‘संरक्षण’ आणि ‘ऊर्जा’ ही दोन खाती एकमेकांत मिसळली.

वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यानं १९९० आणलं. इराक कुवेतमध्ये घुसला, तेल भडकलं, परकीय चलन आटलं आणि १९९१ मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. आजही आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे तेल कमी लागणं हेसुद्धा संरक्षणच. अनिकेतच्या गटानं लगेच उलटा मुद्दा काढला, आणि तो तितकाच भक्कम होता: सोलर पॅनेलच्या जागतिक उत्पादन साखळीतला ८० टक्क्यांहून जास्त हिस्सा चीनकडे आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा आपल्या वाहन कंपन्या अडचणीत आल्या. गलवानमध्ये ज्याच्याशी झुंजलो त्याच्याच पॅनेलवर दिवा लावायचा का? यावर उत्तर म्हणून देशात पॅनेल आणि सेल बनवण्यासाठीची २४,००० कोटींची प्रोत्साहन योजना आणि आयात शुल्क पुढे आलं. समाधान कुणाचंच झालं नाही. माझंही नाही.

काय निष्पन्न झालं

शेवटी मतदान घ्यायचं की नाही, यावर मी डगमगले. मतदान म्हणजे पुन्हा हार आणि जीत. पण अर्थसंकल्प मंजूर झाल्याशिवाय सरकार चालत नाही हेही शिकवायचं होतं. घेतलं. ५० मुलं हजर होती.

राधिकाच्या गटाचा प्रस्ताव पडला. त्यांनी संरक्षणाला हात लावला नव्हता, कुसुमची तरतूद दुप्पट केली होती, पण पैसा कर्जातून आणला होता आणि व्याजाच्या २० पैशांवर त्यांना कुणी सोडलं नाही. मंजूर झाला तो अनिकेतच्या शेजारच्या गटाचा, २९ मतांनी. त्यात संरक्षणाची एकूण रक्कम तशीच होती. भांडवली खर्चातले ३,००० कोटी उंचावरच्या ठाण्यांच्या सौर वीज आणि साठवणीसाठी राखून ठेवले होते, मात्र पॅनेल देशात बनलेलीच हवीत अशी अट घातली होती. गायरानाबद्दल एक कलम होतं: प्रकल्पाची जागा ठरवण्याआधी मेंढपाळांना पर्यायी चराई दाखवायची. ते कलम राधिकाच्या गटातून उचललेलं होतं आणि तसं त्यांनी सभागृहात सांगितलं.

२१ मुलांनी विरोधात मत दिलं. त्यातल्या काहींचं म्हणणं होतं की अशा वर्षात संरक्षणातला एक रुपयाही दुसऱ्या कामाला जाता कामा नये, पॅनेल ठाण्यावर लागलं तरी. त्यांचं मत बदललं नाही आणि ते बदलावं असा माझा आग्रहही नव्हता. त्यांनी ते आकड्यांसकट मांडलं.

अनिकेतनं माफी मागितली की नाही मला माहीत नाही. एवढंच पाहिलं की सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तो राधिकाच्या बाकाशी उभा राहून कॅलेंडर मागत होता आणि तिनं ते दिलं. त्याच्या तक्त्यावर जुलैच्या त्या सात फुल्या होत्या, खाली तिच्या गावाचं नाव होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट प्रश्नाची. ‘हे की ते’ असा प्रश्न मी विषय रंगतदार व्हावा म्हणून विचारला होता. मुलांच्या घरात ज्या गोष्टीची जखम ओली आहे तिथं असा प्रश्न टाकणं ही माझी चूक होती, आणि अनिकेतचा भाऊ कुठे आहे हे मला हजेरीपटावरून नाही तरी त्याच्या आईकडून आधी कळायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी विचारेन: तुमच्या घरात कशाची भीती वाटते, आणि ती कमी करायचा पैसा नेमका कोणत्या खात्यातून येतो?

दुसरी गोष्ट, आकडे आधी द्यायचे, बाजू मागाहून घ्यायच्या. मी उलट केलं. तेरा टक्के आणि आठ पैसे यांचा गुंता पहिल्याच दिवशी सोडवला असता तर कदाचित ‘देशद्रोही’पर्यंत गोष्ट गेलीच नसती. कदाचित म्हणते, कारण त्या दिवशीचा राग आकड्यांचा नव्हता.

तिसरी, मेंढपाळांकडून कुणीच बोललं नाही. सुभेदारसाहेबांना बोलावलं, शेतकऱ्याची मुलगी वर्गात होती, पण ज्यांची चराई जाणार होती त्यांचं म्हणणं आम्ही परस्पर एका कलमात गुंडाळलं. वर्गात धनगरांची दोन मुलं आहेत. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार तासिका पुरल्या नाहीत. चीनच्या पॅनेलचा मुद्दा अर्धवट राहिला, आणि अणुऊर्जा मोहिमेसाठी ठेवलेल्या २०,००० कोटींकडे तर आम्ही वळलोसुद्धा नाही. सहा मागून चार मिळाल्यावर मी पुन्हा मागायला हवं होतं.

राधिकाचं कॅलेंडर काही दिवस शिक्षक खोलीच्या भिंतीवर होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती येऊन घेऊन गेली. सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाईट होती आणि रेघा मारायच्या होत्या.